लेझमीच्या ठेक्यावर सॉर्टिंग: लेकरांना अल्गोरिदम मैदानावर कसा शिकवायचा?

गोदाकाठ

मराठवाड्यातल्या बहुतेक शाळांत लेझीम असते. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, २६ जानेवारी, असा वर्षातून दोन-तीनदा सरावही होतो. रांगेत अंतर धरणं, मात्रा मोजणं, ठेक्यावर जागा बदलणं हे लेकरांच्या अंगात आधीच असतं. सहावी ते नववीला सॉर्टिंग (आकडे क्रमानं लावणं) आणि सर्चिंग (त्यातला हवा तो आकडा शोधणं) शिकवायला एवढं भांडवल पुरेसं आहे. संगणक नंतर आला तरी चालतो.

नाचातून अल्गोरिदम, म्हणजे काम करायची पायरी-पायरीची ठरलेली पद्धत, दाखवायचं काम जगात झालेलं आहे. रोमानियातल्या सॅपिएन्शिया विद्यापीठात झोल्तान काताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या लोकनृत्यांवर सॉर्टिंगचे व्हिडिओ केले. सॉर्टिंगच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत: बबल सॉर्ट हंगेरियन नाचात, इन्सर्शन सॉर्ट रोमानियन नाचात, मर्ज सॉर्ट तिथल्या जर्मन वंशाच्या लोकांच्या नाचात. दहा नर्तक आणि ० ते ९ आकडे. वर्गात दाखवायला ते उत्तम आहेत. पण आपली लेकरं नाचवायची असतील तर ते तसंच्या तसं बसवू नये. तो नाच आधी ठरवलेला आहे, कोण कधी हलणार हे नर्तकांना पाठ आहे. पाठ करून नाचणारं लेकरू स्टेप शिकतं, अल्गोरिदम शिकत नाही. दर फेरीला लेकरानं स्वतः निर्णय घेतला पाहिजे, तोही फक्त नियमावर आणि समोरच्या एका कार्डावर. म्हणून प्रत्येक वेळी कार्डं पिसून वाटायची.

सुरुवात आठ लेकरांनी करा. दीड-दीड मीटरवर आठ गोल आखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेदहा मीटर होतील. गोलात जागेचा क्रमांक लिहा. १-२, ३-४, ५-६, ७-८ ह्या जागा पुढच्या बाजूनं फक्कीच्या पांढऱ्या रेघेनं जोडा. २-३, ४-५, ६-७ ह्या मागच्या बाजूनं गेरूच्या तांबड्या रेघेनं. पांढऱ्या फेरीत पांढऱ्या रेघेवरचे दोघं तुलना करतात, तांबड्या फेरीत तांबड्या रेघेवरचे. फेऱ्या आलटून पालटून. लहान आकडा १ नंबरच्या टोकाकडं, मोठा ८ नंबरच्या टोकाकडं. उलटं असेल तर जागा बदलायची, नसेल तर जागेवरच ठेका धरायचा. आकडे कसेही येवोत, आठ लेकरांची रांग आठ फेऱ्यांत लागतेच. ही पद्धत निको हाबरमान यांनी १९७२ मध्ये समांतर चालणाऱ्या, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या, संगणकांसाठी मांडली. लेझीम पथकाला ती फार चपखल बसते, कारण सगळी रांग एकदम हलते.

कागदावर चार आकड्यांनी तपासून घ्या. ४ ३ २ १ घेतले तर पांढऱ्या फेरीनंतर ३ ४ १ २, तांबडीनंतर ३ १ ४ २, पुन्हा पांढरीनंतर १ ३ २ ४, तांबडीनंतर १ २ ३ ४.

एक फेरी आठ मात्रांची. १-२ ला जोडीदाराकडं तोंड, ३-४ ला कार्ड उलटून दाखवणं, ५-६ ला जागा बदलणं किंवा जागेवर ठेका, ७-८ ला समोर तोंड आणि कार्ड पुन्हा झाकणं. बाकीच्यांनी आपापले तपशील लिहा.

सिंदफणा

गोदाकाठ सर, कार्डांबद्दल लिहितो, कारण पहिला घोळ तिथंच होतो.

१ ते ८ आकडे कधीच देऊ नका. ५ नंबर मिळालेल्या लेकराला आपली शेवटची जागा आधीच कळते. ते सरळ पाचव्या गोलात जाऊन उभं राहतं आणि बाकीच्यांनाही ढकलून लावतं. चार सेकंदांत रांग लागते, पण तुलना एकही झालेली नसते. १२, १९, ३७, ४१, ५८, ६४, ७३, ९० असे मधे मोकळ्या जागा असलेले आकडे द्या. आठपेक्षा जास्त कार्डं बनवून त्यातली कुठलीही आठ वाटली तर आणखी चांगलं. आपण कितवे आहोत हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरं, कार्ड झाकलेलं हवं. वहीचा पुठ्ठा अर्धा कापायचा, एका बाजूला जाड मार्करनं आकडा, दुसरी बाजू कोरी, दोऱ्यानं गळ्यात. कोरी बाजू बाहेर. तुलनेच्या दोन मात्रांतच उलटायचं, तेही जोडीदारापुरतं. सगळे आकडे सगळ्यांना दिसले की डोळा एका नजरेत रांग लावतो. प्रोग्रामला तशी नजर नाही, त्याला एका वेळी दोनच आकडे दिसतात. ही बंधनं पाळली नाहीत तर लेकराला प्रामाणिक प्रश्न पडतो की एवढी कवायत कशाला, मला तर दिसतंयच! इंग्रजी अंक लिहिलेत तर 6 आणि 9 च्या खाली रेघ मारा, नाहीतर 61 चा 19 होतो.

डावं-उजवं हे शब्द वापरूच नका. लेकरं प्रेक्षकांकडं तोंड करून असतात, तुम्ही त्यांच्याकडं, आणि जोडीदार एकमेकांकडं वळले की तिसरीच दिशा होते. रांगेच्या एका टोकाला "लहान" आणि दुसऱ्या टोकाला "मोठा" अशा पाट्या रोवा आणि सूचना त्यांच्याच नावानं द्या.

आणि जोडीदार जागेला असतो, माणसाला नाही, हे पहिल्या दोन फेऱ्यांतच पक्कं करा. जागा बदलली की लेकरू जुन्याच मित्राला शोधतं, विशेषतः मैत्रीतले दोघं शेजारी असले तर. पायाखालची रेघ बघ, एवढंच सांगायचं. तांबड्या फेरीत पहिल्या आणि आठव्या जागेला जोडीदार नसतो. तिथलं लेकरू गोंधळून आत घुसतं. त्याला "टोकाचा ठेका" म्हणून वेगळी स्टेप द्या.

हलगीठेका

तालाचं बघू. सुरुवातीला मिनिटाला ६० मात्रा, त्याहून जलद नको. आठ मात्रांची फेरी आठ सेकंदांत होते आणि आठ फेऱ्या ६४ सेकंदांत. लेझमीचा नेहमीचा सराव ह्याच्या बराच वर असतो, त्यामुळं वाजवणारा आपोआप चढत जातो. चढला की लेकरं आकडा वाचायचं सोडून शेजाऱ्याचं बघून हलतात. वाजवणाऱ्याला घड्याळ समोर ठेवून बसवा.

हातात लेझीम असेल तर कार्ड उलटता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले असतात. म्हणून सॉर्ट होणाऱ्या आठांच्या हातात काही नको. मागं दुसरी रांग लेझीम घेऊन ठेका धरते, सम (तालाची पहिली मात्रा) आणि काल (मधली हलकी मात्रा) तिच्याकडूनच कळतात. दर आठ फेऱ्यांनंतर ह्या दोन रांगांची अदलाबदल केली की वर्गातली सोळा लेकरं कामाला लागतात.

पावसाळ्यात हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो आणि पहिली मात्रा ओळखू येत नाही. शेकायची सोय नसेल तर सरळ ताट वाजवा. दणदणाटाची गरज नाही, पहिली मात्रा उठून आली पाहिजे.

तेरणाकाठची

जागा बदलायची स्टेप मी फुगडीची सुचवेन. हात तिढा घालून धरायचे आणि अर्धी गिरकी घ्यायची. अर्ध्या गिरकीत दोघींच्या जागा आपोआप बदलतात. पूर्ण गिरकी घेतली तर दोघी मूळ जागी येतात. म्हणजे "बदल" असेल तर अर्धी, "राहू दे" असेल तर पूर्ण. दोन्हीत तुलना झाल्याचं दिसतं आणि बघणाऱ्याला कुठं काय झालं ते ओळखता येतं.

मात्र दोन मात्रांत पूर्ण गिरकी बसत नाही, चार लागतात. मग फेरी दहा मात्रांची करा.

सातवी-आठवीत मुलगा-मुलगी जोडी आली की हात धरायला दोघंही बिचकतात आणि ताल तुटतो. कुणालाही अवघड वाटू देऊ नका. उपरण्याची दोन टोकं धरून गिरकी घ्यायला लावा, किंवा टिपरी आडवी धरा. हातच नको असतील तर नुसतं चालत जागा बदलणं. त्यात टक्कर होते, कारण दोघंही एकाच बाजूला सरकतात. नियम द्या की रस्त्यावर चालतो तसं दोघांनीही आपापल्या डाव्या बाजूनं जायचं, उजवा खांदा उजव्या खांद्याजवळून जाईल.

गोदाकाठ

ताई, फुगडी सुंदर आहे, पण "राहू दे" ला पूर्ण गिरकी देऊ नये असं मला वाटतं. तुलना हे एक काम आणि अदलाबदल हे दुसरं काम. न बदलणाऱ्या जोडीनंही गिरकी घेतली तर बघणाऱ्याला दोन्हीकडं सारखीच मेहनत दिसते. पुढं तुलना किती आणि बदल किती हे वेगळं मोजायचं आहे. न बदलणाऱ्यांनी दोनदा पाय आपटावा. मोजणारी दोन लेकरं बाजूला बसवावीत, एक फक्त तुलना मोजणार, एक फक्त गिरक्या. दोघांनीही पाटीवर चार-चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं मांडायचं.

तेरणाकाठची

मोजणी करायची असेल तर पटलं. पाय आपटणंच ठेवू.

पाटीपेन्सिल

सगळं वाचलं. आता मैदानावरून प्रोग्रामकडं जाताना जिथं हमखास अडतं ते लिहितो.

नाचात दोघं एकाच वेळी जागा सोडतात. लेकरू पुढं प्रोग्राम लिहायला बसतं तेव्हा अगदी तसंच लिहितं: अ मध्ये ब ठेव, ब मध्ये अ ठेव. आणि दोन्हीकडं एकच आकडा येतो. ही चूक लेकराची नाही, नाचानंच तसं शिकवलं. शरीर एका जागेवरून उठलं की जागा रिकामी होते. संगणकातली जागा रिकामी होत नाही, तिथं नवं लिहिलं की जुनं पुसलं जातं, आणि वाचलं तरी मूळ तिथंच राहतं.

म्हणून नाचाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तासाला लेकरं हलवणं थांबवा. तीन लेकरं जागेवर बसवा, प्रत्येकाच्या हाती पाटी. पहिल्याच्या पाटीवर ५८, दुसऱ्याच्या १९, तिसऱ्याची कोरी. आता माणसानं हलायचं नाही, फक्त शेजारच्या पाटीवरचं बघून आपल्या पाटीवर लिहायचं, लिहिण्याआधी पाटी पुसायची. पहिल्यानं १९ लिहिलं की ५८ मैदानातून नाहीसा झाला, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. मग लेकरं स्वतःच तिसऱ्या पाटीकडं बोट दाखवतात: आधी ५८ तिकडं उतरव, मग पहिल्यात १९, मग तिसऱ्यातून ५८ दुसऱ्यात. पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेत एका ओळीत अदलाबदल होते हे त्यानंतर सांगा, आधी नाही.

सारख्या आकड्यांचंही एकदा करून घ्या. ३७ ची दोन कार्डं, एकाला तांबडा दोरा, एकाला हिरवा. "मोठा असेल तरच बदल" हा नियम असेल तर तांबडा-हिरवा क्रम शेवटपर्यंत टिकतो. "मोठा किंवा सारखा असेल तर बदल" असा नियम दिला तर दोघं भेटतील तेव्हा गिरकी घेतात. त्यात "सलग दोन फेऱ्यांत एकही बदल झाला नाही की थांब" असा थांबण्याचा नियम असेल तर नाच संपतच नाही. एका शब्दानं प्रोग्राम अडकतो कसा, हे दाखवायला ह्याच्याइतकं सोपं साधन नाही.

गोदाकाठ

पाटीची युक्ती अगदी नेमकी जागा धरते, तासाच्या आराखड्यात घेतलीच पाहिजे.

आता बबल सॉर्टशी तुलना. त्याच आठ गोलांवर, पण एका वेळी एकच जोडी हलते: १-२, मग २-३, असं ७-८ पर्यंत. पहिल्या खेपेत ७ तुलना, सगळ्यात मोठा शेवटी पोचतो, पुढच्या खेपेत ६, मग ५. एकूण २८. वरच्या पांढऱ्या-तांबड्या नाचात चार पांढऱ्या फेऱ्यांत ४-४ आणि चार तांबड्या फेऱ्यांत ३-३, एकूण तेवढ्याच २८. मात्र तिथं ६४ सेकंद लागले आणि बबलला त्याच ठेक्यावर २८ गुणिले ८, म्हणजे २२४ सेकंद, पावणेचार मिनिटं. काम तेवढंच, वेळ साडेतीनपट. समांतर काम म्हणजे काय, हे मोजणाऱ्या लेकरांच्या पाटीवरच लिहिलेलं असतं, वेगळं सांगावं लागत नाही.

दोन ठरावीक रांगा मात्र मुद्दाम द्या. कार्डं मोठ्या आकड्यांचीच, इथं सोयीसाठी क्रमानं लिहितो. पहिली: ८ १ २ ३ ४ ५ ६ ७. दुसरी: २ ३ ४ ५ ६ ७ ८ १. सोबत एका लेकराच्या हाती झेंडी. खेप सुरू होताना झेंडी खाली, एकही बदल झाला की वर. खेप संपली आणि झेंडी खालीच असेल तर थांबायचं. पहिल्या रांगेत ८ एकाच खेपेत सरकत शेवटी जातो, दुसऱ्या खेपेत झेंडी खालीच राहते, एकूण १३ तुलना. दुसऱ्या रांगेत १ दर खेपेला एकच घर मागं येतो, त्यामुळं सातही खेपा लागतात, २८ तुलना. गिरक्या दोन्हीकडं सातच! दोन्ही रांगांत एकच आकडा चुकीच्या टोकाला होता. मग एक रांग एवढी रेंगाळली का, ह्यावर वर्गात जो वाद होतो त्याला पाहिजे तेवढा वेळ द्या.

मैदान

जागेबद्दल थोडं. आपली काळी माती ओली असेल तर ना फक्की टिकते ना पाय, तेव्हा व्हरांड्यात खडूनं आखा आणि अंतर एक मीटर करा. कोरड्यात भेगा पडतात, गिरकीला घोटा मुरगळतो. शक्यतो कोब्यावर किंवा मुरमाच्या पट्ट्यावर घ्या. मार्चपासून सकाळची शाळा असते, तेव्हा हा तास पहिलाच ठेवा, नऊनंतर नको. ३५ मिनिटांच्या तासिकेत आखणी धरू नका, आदल्या दिवशी आखून ठेवा.

ज्या लेकराला नाचता येत नाही किंवा चालायला त्रास आहे त्याला सूत्रधार करा. नियमाची चिठ्ठी त्याच्याकडं, फेरी पांढरी की तांबडी हे तोच पुकारणार. प्रोग्राम चालवणारा तोच असतो, शोभेचं काम नाही ते.

सिंदफणा

बीडकडच्या शाळांसाठी एक गोष्ट. ऊसतोडीमुळं दिवाळीनंतर पट हलतो, आज आठ असलेली लेकरं उद्या सात. "आठच पाहिजेत" अशी रचना कामाची नाही. पांढरा-तांबडा नाच सातांवर तसाच चालतो. दर फेरीला तीन जोड्या, एक लेकरू टोकाला सुटं. सुटं लेकरू पांढऱ्या फेरीत सातव्या जागेवर आणि तांबड्या फेरीत पहिल्या जागेवर. सात फेऱ्या, २१ तुलना. उलट किती लेकरांना किती तुलना ह्याचा तक्ताच भिंतीवर लावा: ४ ला ६, ५ ला १०, ६ ला १५, ७ ला २१, ८ ला २८. हजेरी बदलेल तशी लेकरं पुढचा आकडा आधी सांगतात. लेकरं दुप्पट झाली की तुलना दुपटीपेक्षा बऱ्याच जास्त होतात, हे त्या तक्त्यात दिसतं.

नवखा_परभणी

मी संगणक शिकवतो, नाचाचा गंध नाही. बायनरी सर्च (दर वेळी निम्मी रांग वगळत आकडा शोधणं) आणि मर्ज सॉर्ट (क्रमानं लागलेल्या दोन रांगा एकत्र करत जाणं) असे मैदानावर होतात का?

पाटीपेन्सिल

होतात. बायनरी सर्चला नाच येत नसला तरी चालतं.

१५ लेकरं, कार्डं लहान ते मोठं क्रमानं आणि झाकलेली. दोन झेंडेवाले, एक पहिल्या जागेमागं, एक पंधराव्या जागेमागं. "६४ आहे का?" असं पुकारायचं. दोन्ही झेंड्यांच्या जागांची बेरीज, निम्मी, अपूर्णांक सोडून द्यायचा. १ अधिक १५, निम्मे ८. आठव्यानं ठेक्यावर एक पाऊल पुढं येऊन कार्ड दाखवायचं. शोधायचा आकडा मोठा असेल तर पहिली झेंडी नवव्या जागेवर जाते आणि १ ते ८ खाली बसतात. पंधरात जास्तीत जास्त चार वेळा पुढं यावं लागतं.

बिघाड इथं होतो: झेंडी आठच्या पुढं नवावर न्यायची, तर लेकरं ती आठवरच ठेवतात. बराच वेळ काही बिघडत नाही. शेवटी झेंड्या समजा ७ आणि ८ वर आल्या. बेरीज १५, निम्मे ७. सातव्याचं कार्ड लहान निघालं, झेंडी सातवरच ठेवली, पुन्हा बेरीज १५, पुन्हा सातवाच पुढं. हे मुद्दाम एकदा घडू द्या आणि हलगी थांबवू नका. तोच मुलगा पुन्हा पुन्हा पुढं येताना पाहून वर्ग स्वतःच ओरडतो. मग एकदा कार्डं पिसून, क्रम न लावता हाच शोध चालवा. आकडा रांगेत असूनही "नाही" असं उत्तर येऊ शकतं, आणि वाटेत कुठं चुकल्याची खूणही दिसत नाही.

तेरणाकाठची

मर्ज सॉर्टला पावली घ्या. टाळ-मृदंगावरची पावली सगळ्यांना येते, आणि दोन दिंड्यांची एक दिंडी करायची हीच तर मर्जची कल्पना. दोन रांगा, प्रत्येक आपापल्यात क्रमानं लागलेली, लहान पुढं. दोन्ही रांगांचे फक्त पहिले दोघं कार्ड दाखवतात, लहान असेल तो पावली टाकत समोरच्या नव्या रांगेत जातो, त्याच्या मागचा पुढं सरकतो. एक रांग संपली की दुसरीतले उरलेले तुलना न करता तसेच चालत जातात. इथं लेकरं उगाच कार्डं दाखवत बसतात, तेवढं सांभाळा.

आठांसाठी आधी चार जोड्या, मग चार-चारांचे दोन गट, मग एकच रांग. तुलना जास्तीत जास्त चार, सहा आणि सात, एकूण १७. ह्याला मैदान जास्त लागतं. दर टप्प्याला नवी मोकळी रांग आखलेली हवी, नाहीतर जुन्या रांगेत घुसून सगळी खिचडी होते. २८ ऐवजी १७ तुलना, पण मोकळ्या जागेचं मोल देऊन.

हलगीठेका

ताल शिकवणाऱ्यांसाठी माझ्या आवडीचं एक देतो. पाच लेकरं, हातात लेझीम, गळ्यात १६, ८, ४, २, १. लेझीम वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. एक नंबरचं लेकरू दर ठोक्याला बदलतं. बाकीच्यांना एकच नियम: तुझ्या निम्म्या आकड्याच्या शेजाऱ्यानं लेझीम वरून खाली आणली की तू बदल. बत्तीस ठोक्यांत ० पासून ३१ पर्यंत जाऊन पुन्हा ० होतो. १, २, ४, ८ आणि १६ च्या लेकराची लेझीम अनुक्रमे ३२, १६, ८, ४ आणि २ वेळा हलते, एकूण ६२ हालचाली. एकाचा ठेका, दुसऱ्याची दुगुण, असा तो कानाला ऐकू येतो.

पंधरावरून सोळाला जाताना पाचही लेकरांना बदलावं लागतं, आणि तेही एकामागून एक, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघतो. मिनिटाला ६० ठोक्यांवर ही लाट एका ठोक्यात पोचत नाही, पुढचा ठोका वर येऊन आदळतो आणि मोजणी विस्कटते. ठोका मिनिटाला ३० वर आणा. साध्या बेरजेच्या सर्किटमध्ये हातचा असाच एकेक घर पुढं जातो, आणि तिथंही घड्याळाचा वेग शेवटच्या घरापर्यंत हातचा पोचायला लागणाऱ्या वेळावरच अडतो.

नवखा_परभणी

फार उपयोगी. शेवटचा प्रश्न. नाच बरोबर बसला हे तपासायचं कसं? दोन-चार वेळा रांग नीट लागली म्हणजे झालं का?

गोदाकाठ

नाही. त्यासाठी चार लेकरांचं सॉर्टिंग नेटवर्क घ्या, म्हणजे कुठल्या जागांनी कधी तुलना करायची हे आधीच आखलेली रचना. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्यासोबत इयन विटन, माइक फेलोज यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवायचा जो उपक्रम उभा केला, त्यात सहा जणांचं नेटवर्क जमिनीवर आखतात, १२ तुलना पाच टप्प्यांत. चारांचं त्याहून सुटसुटीत: पहिल्या टप्प्यात १-२ आणि ३-४, दुसऱ्यात १-३ आणि २-४, तिसऱ्यात फक्त २-३. पाच तुलना, तीन टप्पे.

आकडे कसेही आले तरी जोड्या आधीच ठरलेल्या असतात. अशा रचनेची तपासणी टोप्यांनी करता येते. टोपी घातलेला मोठा, बिनटोपीचा लहान, दोघं सारखे असतील तर बदल नाही. चार लेकरांना टोप्या घालायच्या १६ तऱ्हा. सोळाही तऱ्हांत टोपीवाले "मोठा" टोकाला जमले तर कुठल्याही आकड्यांवर ते नेटवर्क बरोबर चालतं, हे सिद्ध झालेलं आहे. पांढऱ्या-तांबड्या नाचालाही हीच तपासणी लागू पडते, कारण तिथल्याही जोड्या रेघांनी पक्क्या केलेल्या आहेत. आठ लेकरांना २५६ तऱ्हा होतात, ते काम वर्गातल्या एका संगणकाला द्या.

आता शेवटची २-३ ची तुलना फक्की पुसून काढून टाका आणि सोळा तऱ्हा पुन्हा चालवा. बारा तऱ्हांत रांग नीटच लागते. बिघडतात त्या चारच, जिथं पहिल्या जोडीत एक टोपी आणि दुसऱ्या जोडीत एक टोपी आहे: दुसरा-चौथा, दुसरा-तिसरा, पहिला-चौथा आणि पहिला-तिसरा टोपीवाला. दोन-चार वेळाच नाचवलं असतं तर ही मोडकी रचना बरोबर म्हणून पास होण्याची शक्यता बरीच होती. टोप्या चार लागत नाहीत असंही कुणी म्हणेल, पण सोळापैकी एका तऱ्हेत चौघांच्याही डोक्यावर टोपी असते, तेव्हा चार आणाच.